तिसरा दगड

काल मायच्या गुडघ्यांना तिखाडी गवताचं तेल चोळत होते. त्या उग्र वासानं मला थेट जऊळक्याजवळच्या एका बिननावाच्या टेकडीवर नेऊन उभं केलं.

स्टेशनवर उतरलं की मामाच्या गावी आम्ही त्या टेकडीवरून पायी जायचो. वाटेच्या दोन्ही बाजूंना माझ्या कमरेएवढी तिखाडी असायची. पायाखाली आली की वास सुटायचा. माथ्यावर वाटसरूंनी रचलेला दगडांचा ढीग होता. जेवढी माणसं तेवढे दगड ठेवायचे आणि मगच उतरायचं, अशी रीत.

त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. मायनं तीन दगड ठेवले.

"तिसरा कोणाचा वं माय?"

"मांगून येऊन राह्यला, त्याचा."

मी वळून पाहिलं. वाट रिकामी होती. वारा पडलेला, तरी कडेचं गवत हलत होतं. मी घाबरून मायचा पदर धरला. ती मात्र दमलेल्या लेकराची वाट पाहावी तशी थांबून राहिली.

पुढं कधीतरी मावशीकडून कळलं. माझ्याआधी मायला एक मुलगा होता. तापानं फणफणलेल्या त्याला खांद्यावर घेऊन ती स्टेशनकडे निघाली होती. तो त्या माथ्यावरच गेला.

काल तेल चोळून मी दाराकडे निघाले, तर डोळे मिटलेलीच माय म्हणाली, "दमानं चाल वं. त्याचे पाय लहान हायेत."

दार लोटता लोटता मी थांबले. थोडा वेळ ते उघडंच ठेवलं.