सोबत: प्रज्ञा

शालन आत्ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. मी शीट उघडली.

तिची शेवटची नोंद कधीची आहे ते बघायला. रविवारची होती. म्हणजे रविवारपर्यंत ठीक होती, असा मी निष्कर्ष काढला.

आत्ते बरी आहे का, हे मी बरेच दिवस तिला विचारत नव्हते. शीटमध्ये बघत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बघितलेले सिनेमे, वाचलेली पुस्तकं, ऐकलेली गाणी, पॉडकास्ट, सगळ्याची नोंद मी कॉलेजपासून एका ऑनलाइन शीटमध्ये ठेवते. नाव, तारीख, स्टार, सोबत कोण, एका ओळीत मत. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सवय आहे.

आत्ते म्हणजे पप्पांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळून रिटायर झाली. मिरकरवाड्याजवळ दोन खोल्यांत राहायची.

रिटायर झाल्यावर म्हणाली, "मला पण तुझ्या त्या वहीत घे गो."

"वही नाही आत्ते, शीट आहे."

"तेच ते. सिनेमा आवक, अक्कल जावक."

मी तिला वेगळा टॅब करून दिला. एका बोटाने टाइप करायची.

एका भुताच्या सिनेमाबद्दल: "भूत बरं होतं. माणसं वाईट."

लायब्ररीतून आणलेल्या प्रवासवर्णनाबद्दल: "लेखक फिरतो कमी, जेवतो जास्त."

माझ्या यादीतला एक इंग्रजी पॉडकास्ट तिने मासे साफ करता करता पूर्ण ऐकला. "अर्धं कळलं नाही. बोलणारी पोरगी तुझ्यासारखी घाईत आहे."

स्टार मात्र सगळ्यांना पाच.

"आत्ते, सगळ्यांना पाच दिलेस तर पाचला अर्थ काय राहिला?"

"एवढ्या माणसांनी मेहनत केली. मी घरात बसून कशाला कापू?"

रविवारी दुपारी आम्ही दोघी एकच सिनेमा बघायचो. मी पुण्यात, ती रत्नागिरीत. मी मेसेज करायचे, "लावला." तिकडून यायचं, "लावला."

संपला की ती फोन करायची. मी बहुतेक वेळा लिहायचे, "नंतर बोलू." मत शीटमध्ये आहेच, मग पुन्हा बोलायचं कशाला, असं माझं लॉजिक.

मागच्या वर्षी सगळ्या डेटाचे चार्ट काढायला बसले तेव्हा लक्षात आलं.

तोच सिनेमा, तीच तारीख. माझ्या टॅबमध्ये 'सोबत: एकटी'. तिच्या टॅबमध्ये 'सोबत: प्रज्ञा'. म्हणजे मी.

त्या पॉडकास्टपुढे प्रज्ञा. प्रवासवर्णनापुढेसुद्धा प्रज्ञा.

मी कमेंट टाकली: "हे चूक आहे. मी तिथे नव्हते."

लगेच फोन.

"काय चुकलं गो त्यात?"

"मी पुण्यात होते. तू घरी एकटी होतीस."

"तू लावलास, मी लावला. तू हसलीस तिथंच मी हसले असणार."

"ते सोबत होत नाही आत्ते. सोबत म्हणजे त्याच खोलीत."

"बरं बाय. शीट तुझी, साहेब तू."

मी त्या कॉलमला ड्रॉपडाउन लावला. एकटी, घरचे, मैत्रीण. यापलीकडे काही लिहिताच येणार नाही असा.

जुन्या नोंदी मीच दुरुस्त करणार होते. पण ती आधीच बसली. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, बाजूच्या विंडोत शीट उघडी होती. तिचा हिरवा कर्सर एकेक खाना खाली सरकत होता.

प्रज्ञा जायचं, एकटी यायचं.

प्रज्ञा जायचं, एकटी यायचं.

मी शेवटपर्यंत बघत होते. मग तिला एक थम्ब्ज अप पाठवला.

त्यानंतर रविवारी मी "लावला" लिहिलं की उत्तर यायचं, "तू बघ. मला काम आहे."

पुढे तिच्या नोंदींत 'मैत्रीण' दिसायला लागलं. मला बरं वाटलं. "आत्तेला कंपनी मिळाली, आणि डेटाही नीट झाला," असं मी पप्पांना खरंच म्हणाले होते.

काल रत्नागिरीत, आत्तेच्या घरी, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. शेजारच्या रुक्साना भाभी माझ्याजवळ येऊन बसल्या. आत्ते गेली त्या दिवशी सकाळी दार उघडेना म्हणून माणसं गोळा केली ती त्यांनीच.

"रविवार आला की मला ओढून न्यायची," त्या म्हणाल्या. "मी सांगायचे, शालनताई, मला सिनेमात झोप लागते. तर म्हणायची, झोप की. पण इथं येऊन झोप. प्रज्ञाच्या कागदात सारखं एकटी, एकटी लिहायला बरं नाय वाटत."

भाभी हसत सांगत होत्या. माझ्याकडे बघून थांबल्या.

सगळे गेल्यावर, संध्याकाळी, तिच्या खुर्चीत बसून मी एक सिनेमा लावला. ठीक होता. तीन स्टारचा. मी पाच दिले.

'सोबत'मध्ये 'शालन आत्ते' टाइप केलं. एरर आला. ही नोंद चालणार नाही.

बरोबर आहे. नियम मीच लावला होता.

ड्रॉपडाउन काढून टाकला. जुनी आवृत्ती शोधली आणि तिचा तो कॉलम तिथून कॉपी करून होता तसा परत ठेवला. आता तिच्या त्या सगळ्या सिनेमांपुढे, पॉडकास्टपुढे, पुस्तकापुढे पुन्हा प्रज्ञा आहे. ते तिचं म्हणणं होतं. मला ते खोडायला लावायचा अधिकार नव्हता.

माझ्या कालच्या नोंदीत आता तिचं नाव लिहिता येतं. मी लिहिलं नाही. 'एकटी'च ठेवलं.

ती सोबत मागत होती तेव्हा मी तिला व्याख्या सांगितली. आता तीच मला लागू.

फोन ठेवताना ती एक शब्द म्हणायची, आणि तो पुरा व्हायच्या आत मी बहुतेक वेळा फोन कट केलेला असायचा.

जयभीम, आत्ते.