बांधावर कापलेले बोर्ड

कळस गावातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत ओल धरायची, म्हणून बाहेरून सिमेंटचे बोर्ड लावायला बारामतीहून एक मिस्त्री आला होता. आत आई दम्यानं पडून होती. तो प्रत्येक बोर्ड उचलून उसाच्या बांधापर्यंत न्यायचा, पाणी मारून तिथंच कापायचा, कडा घासायचा आणि परत आणायचा.

"अहो, अंगणातच कापा की. किती हेलपाटे घालताय!" मी म्हणालो.

"न्हाय दादा, धूळ लई उडती. माझ्या आईलाबी दमा व्हता. तवा मला कळत न्हवतं, मी दारातच कापायचो."

मी बोर्डाचं दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं ये-जा करत राहिलो. निघताना त्यानं खिडकीतून आत पाहिलं. आई गाढ झोपली होती. त्यानं तिला तिथूनच हात जोडले.