कोकिळाबाईची खिरापत

चिंचदरा गावात कोकिळाबाईला मोठ्या मनाची म्हणायची पद्धतच पडून गेली होती. टेकडीवरच्या शाळेतल्या परक्या पोरीला घरी बोलावून जेवू घालणारी, तिच्या वेण्या घालणारी बाई म्हणून शाळेतले मास्तर तिचं कौतुक करत. कोणी असं बोललं की कोकिळाबाई पदर सावरून हसायची आणि आत तिच्या जिवाची लाही लाही व्हायची. कारण खरी गोष्ट अगदी उलटी होती. ती त्या पोरीवर जळत होती. थोडंथोडकं नाही, ताटातला घास कडू लागावा इतकं जळत होती, आणि गावाला जे मोठं मन दिसत होतं ते सगळं त्या जळण्यातूनच निघालं होतं.

जिल्ह्यातली हुशार पोरं निवडून त्यांना सहावीपासून फुकट शिकवणारी ती निवासी शाळा गावच्या गायरानावर उभी राहिली, तेव्हा गावानं वाजतगाजत जमीन दिली होती. शाळा आपल्या गावात म्हणजे पोरं आपलीच घेणार, असा गावाचा साधा हिशेब. पण शाळेला परीक्षा होती. नेरपासून पुसदपर्यंतची पोरं तिला बसली आणि पहिल्या तुकडीत चिंचदऱ्याचं एकही पोरगं लागलं नाही. मग गावानं शाळेशी बोलणंच टाकलं. शाळेचा शिपाई दूध मागायला आला की लोक 'दूध नाही' म्हणायचे आणि त्याच्या देखत कॅन घेऊन डेअरीकडे निघायचे.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते कोकिळाबाईला. तिची दिपाली गावच्या शाळेत कायम पहिली. निकालात ती थोडक्यात हुकली आणि प्रतीक्षा यादीत सगळ्यात वर येऊन बसली. एक निवडलेली मुलगी आलीच नव्हती. शेवटच्या दिवसापर्यंत ती आली नाही तर जागा दिपालीची, असं शाळेनं सांगितलं. कोकिळाबाईनं महागावच्या बाजारातून लोखंडी पेटी आणली, तिच्यावर दिपालीचं नाव रंगवून घेतलं. शेवटच्या दिवशी शाळा बंद व्हायच्या बेताला एक काळीपिवळी जीप टेकडी चढून गेली आणि तिच्यातून गाठोडं घेतलेली एक पोरगी उतरली. पुसदकडच्या बंजारा तांड्यावरची रोशनी. मायबाप हैदराबादला बांधकामावर गेलेले, त्यांना निरोपच उशिरा मिळाला होता. त्या पेटीत कोकिळाबाईनं तुरीची डाळ भरली.

"इतका जीव कायले जाळून घेतं?" नवरा किसनराव म्हणाला. "आपल्या पोरीले गावच्या शाळेत काय वाईट हाये?"

"तुमाले समजत नाई. हातातोंडाशी आलती जागा."

श्रावणात शाळेच्या वसतिगृहाच्या दीपमाला मॅडम गावात आल्या. त्या नेरच्या. सहावीची लेकरं रात्र रात्र रडतात, घरची आठवण काढतात, त्यांना रविवारी एक वेळ कोणाच्या तरी चुलीपाशी बसून जेवू द्या, अशी विनंती करत त्या दारोदार फिरल्या. प्रत्येक मुलीला गावात एक घर. 'गावघर' असं नावसुद्धा त्यांनी ठेवलं होतं. पुरुषमाणसं पारावर बसून ऐकत राहिली आणि कोणी हो म्हणेना. तेव्हा मागच्या बाजूनं कोकिळाबाई उठली.

"मी घेते एक पोरगी. पण ते शेवटी आलेली हाये ना, तांड्यावरची, तेच द्या मले."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. जिची जागा गेली तीच बाई त्या पोरीला जवळ करते आहे, याहून मोठेपण काय असणार! कोकिळाबाईच्या मनात मात्र एकच होतं. या पोरीत असं काय आहे जे माझ्या पोरीत नाही, ते मला जवळून बघायचं आहे.

आणि तिनं बघितलं. पहिल्या रविवारपासून रोशनीची जी परीक्षा सुरू झाली तशी शाळेनंही घेतली नसेल. भाकर थापता थापता कोकिळाबाई तोंडी हिशेब घालायची, कोडी विचारायची, आभाळाकडे बोट दाखवून किती वाजले असतील ते सांग म्हणायची. रोशनीचं उत्तर बरोबर आलं की कोकिळाबाईचा चेहरा पडायचा. चुकलं की तिच्या वरणावर तुपाची धार जास्त पडायची. पोरीला बिचारीला वाटायचं, चुकलं तरी काकू माया करते. ती आणखी मन लावून जेवायची.

कोकिळाबाईनं पोरगी घेतली म्हटल्यावर शेजारच्या कांताबाईला राहवेना. तिनं दोन घेतल्या. कांताबाईनं दोन घेतल्या म्हणून पाटलाच्या सुनेनं तीन. एकीनं पुरणपोळी केली की दुसरी खीर करायची, आणि रविवारी गावातून मसाल्याचे वास असे सुटायचे की रस्त्यानं जाणारा माणूस कोणाकडे लग्न आहे म्हणून विचारायचा. पोळ्यापर्यंत शाळेतल्या एकूण एक लेकराला गावात घर झालं. दुधाचे कॅन डेअरीऐवजी टेकडीकडे वळले. मास्तर मंडळी संध्याकाळी गावच्या पोरांना गणित शिकवायला उतरू लागली. दिपालीही त्या वर्गाला जायची. मॅडम जिथे तिथे सांगायच्या, हे सगळं कोकिळाताईंनी सुरू केलं.

यात कोकिळाबाईच्या नशिबी एक नवीनच दुखणं आलं. दिपाली आणि रोशनीची गट्टी जमली. रविवार उजाडला की दिपाली सकाळपासून वेशीवर जाऊन उभी. दोघी अंगणात बसून एकाच वहीत गणितं सोडवायच्या, एकीचा कंगवा दुसरीच्या केसात. दिपाली तांड्यावरची बोली शिकली आणि एक दिवस कोकिळाबाईला 'याडी' म्हणून हाक मारून खिदळली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. कोकिळाबाईच्या हातातलं उलथनं तिथंच थांबलं.

"माय म्हन मले. माय," ती ओरडली.

रात्री किसनरावाला ती म्हणाली, "आधी जागा घेतली माह्या पोरीची. आता पोरगीच घेऊन राह्यली." किसनराव कूस बदलून झोपी गेला.

अशात भुलाबाईचे दिवस आले. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मातीचे भुलोबा-भुलाबाई बसतात, पोरी जमून गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायचा खेळ होतो. घरच्या बाईनं काहीतरी खाऊ करून डब्यात झाकून ठेवायचा. पोरींनी डबा हलवून, आवाज ऐकून, गोड की तिखट एवढंच विचारून आत काय आहे ते सांगायचं. सगळ्या हरल्या की मगच झाकण निघतं. रीत एकच, ज्या घरची खिरापत त्या घरच्या पोरीनं ओळखायचं नाही, कारण तिनं ती होताना पाहिलेली असते. ओळखणारीला पहिला वाटा.

यंदा मॅडमनी ठरवलं की कोजागिरीची भुलाबाई गावानं आणि शाळेनं मिळून मारुतीच्या पारावर करायची. एकीकडे गावच्या पोरी, एकीकडे शाळेच्या. पालकांनाही बोलवायचं. ते ऐकलं आणि कोकिळाबाईच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या जिल्ह्यातून वेचून आणलेल्या हुशार पोरी, त्यांचे मायबाप, मास्तर, मॅडम, सगळे समोर बसलेले असताना त्या सगळ्या हराव्यात आणि तिच्या दिपालीनं ओळखावं. एकदा तरी. परीक्षा चुकीची होती हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं.

मग काय करायचं ते तिनं निगुतीनं केलं. थंडीत वेचून, उन्हात वाळवून ठेवलेली बोरं तिच्याकडे होती. ती तिनं उकडली, गुळाच्या पाकात घोळली आणि पुन्हा वाळवून खडखडीत केली. कोजागिरीला बोराचं नाव कोणाच्या डोक्यात येणार? डबा मात्र तिनं कांताबाईच्या घरी नेऊन ठेवला.

"तुह्या नावानं निघू दे," ती म्हणाली.

कांताबाईला पोरबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्या खिरापतीला कोणाची आडकाठी नव्हती. "बरं नाई हे, कोकिळे," ती म्हणाली, पण डबा तिनं ठेवून घेतला.

पारावर जायच्या आधी कोकिळाबाईनं वेणी घालताना दिपालीच्या कानात सांगितलं, "बोरं हायेत. गुळातली. पह्यलेच नको सांगू. सगळ्या हारू दे, मंग सांग." रिबीन घट्ट बसली म्हणून दिपाली फक्त डोकं हलवून बघत राहिली.

ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई बसली. चंद्र वर आला. रोशनीचा बाप खेमसिंग हैदराबादहून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, लेकीच्या शाळेकडे नजर गेली की छाती फुगवणारा. तो येऊन कोकिळाबाईच्या पुढे हात जोडून उभा राहिला. "ताई, माह्या पोरीले तुमी पोरीवानी सांभाळलं. आमी तिकडं निवांत झोपतो." कोकिळाबाईला त्याच्या त्या छातीचाही हेवा वाटला. असं उभं राहणं किसनरावाच्या नशिबी यायला हवं होतं. ती "हो ना, आपलीच लेकरं" असं काहीतरी बोलली.

गाणी झाली. कांताबाईनं डबा मधे आणून ठेवला आणि खाली मान घालून सांगितलं, "गोड हाये."

पोरी तुटून पडल्या. शाळेच्या पोरींनी आधी डबा कानाशी धरून हलवला. एक म्हणाली गूळशेंगदाणे. नाही. एक म्हणाली साखरफुटाणे. नाही. कोणी शंकरपाळे म्हणालं, कोणी खारका, कोणी लाह्यांचे लाडू. एक चष्मेवाली पोरगी शास्त्रच सांगायला लागली की आवाज जड आहे, गोल आहे, आतून भरीव आहे, आणि इतकं सगळं सांगून सुपारी म्हणाली. सगळे हसले. रोशनीनं डोळे मिटून डबा हलवला आणि म्हणाली, "मोहाची फुलं, पाकातली." कोकिळाबाईनं झटकन कांताबाईकडे बघितलं. कांताबाईनं मान हलवली. नाही.

आता गावच्या पोरींची पाळी. त्याही एकेक करून हरल्या. शेवटी डबा दिपालीकडे आला. कोकिळाबाई गुडघ्यावर उठून बसली. मॅडम हसून बघत होत्या, खेमसिंग मान पुढे काढून बघत होता. किती महिने जी वाट पाहिली ती हीच, आता फक्त एक शब्द.

दिपालीनं डबा हलवला. एकदा. मग खाली ठेवला आणि म्हणाली, "मी हारली."

कोकिळाबाईला वाटलं, पोरगी घाबरली. तिनं डोळ्यांनी खुणावलं. दिपालीनं तिच्याकडे सरळ बघितलं, आणि पुन्हा म्हणाली, "हारली मी. उघडा."

"बोरं!" कोकिळाबाई ओरडली. आवाज तिला न विचारताच निघाला. "बोरं हायेत ना वं, गुळातली बोरं!"

कांताबाईनं झाकण काढलं आणि डबा तिरका करून दाखवला. बोरंच. कोकिळाबाईला वाटलं, आता धरणी फाटून पोटात घेईल तर बरं. आता कोणीतरी विचारणार, कांताबाईच्या डब्यातलं हिला कसं कळलं.

पण कोणी विचारलं नाही. खेमसिंगनं टाळी वाजवली. "ताईनं ओळखलं!" तो म्हणाला, आणि मॅडमही टाळ्या वाजवत उठल्या. "बघा, इतक्या हुशार मुली हरल्या आणि कोकिळाताईंनी बसल्या जागी ओळखलं!" सगळा पार हसायला आणि टाळ्या वाजवायला लागला. पाटलाची तोंडाळ सूनसुद्धा काही बोलली नाही. रोशनी धावत आली, तिनं डब्यातलं एक बोर उचललं आणि रीतीप्रमाणे पहिला वाटा म्हणून कोकिळाबाईच्या तोंडात घातलं.

बोरं वाटायची धांदल उडाली तेव्हा कोकिळाबाईनं दिपालीचा दंड धरून तिला मांडवाच्या मागे ओढलं. "काहून नाई सांगतलं? मी सांगतलं होतं ना तुले?"

"मले कुठी ओळखता आलतं?" दिपाली म्हणाली. "मले तं सुपारीच वाटली."

"पन तुले माहीत होतं!"

दिपालीनं दंड सोडवून घेतला. तिला राग आलेला नव्हता, हेच कोकिळाबाईला सहन होईना. पोरगी तिच्याकडे एखाद्या लहान लेकराकडे बघावं तशी बघत होती.

"माय, शाळेत नंबर नाई लागला तवा मी रडली," ती म्हणाली. "लई रडली. मंग झालं माहं रडून. तू आजूक रडून राह्यली."

एवढं बोलून ती पोरींच्या घोळक्यात शिरली. मॅडम कोकिळाबाईला शोधत मांडवाच्या मागे आल्या आणि सगळ्यांच्या देखत फोटो काढायचा म्हणून तिला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या.