ब्रेक शाबूत होते

ट्रॅक्टरवर बसण्याआधी भिकनअण्णा उतार पायी चालून यायचे, तेही अनवाणी. बूट ट्रॅक्टरच्या चाकाशी काढून ठेवायचे आणि तळ्याच्या बांधावर वरून खाली, खालून वर अशा फेऱ्या मारायचे. कुठे उंदरानं बीळ केलंय, कुठे माती भुसभुशीत झालीय हे त्यांना तळपायाला कळायचं. बीळ सापडलं की शेजारी मूठभर चुना टाकायचे. मी त्या मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून नवी लागले होते आणि नव्या माणसाला असतो तेवढा तोरा मलाही होता. पहिल्याच दिवशी मी त्यांना बुटांवरून फैलावर घेतलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीनवर बसताना घालतो ना ताई," म्हणाले. "पण बुटाला बीळ कळत नाही."

आमची मिल पलसाण्याला, हायवेच्या कडेला. कापड रंगवायची. रंगाचं सांडपाणी साठवायला मागच्या बाजूला मोठं तळं आणि तळ्याभोवती दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध. बांधावरचं गवत कापलेलंच लागतं, नाहीतर पाणी कुठे झिरपतंय ते दिसत नाही. पूर्वी बाया विळ्यानं कापायच्या. मग मिलनं पोटाखाली गवत कापायचं पातं असलेला एक बुटका हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर घेतला. त्याला क्लच दाबून गिअर टाकायची भानगड नाही. उजव्या पायाखाली दोन पेडल. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे आणि पाय उचलला की गडी आपोआप थांबतो. लोडिंगवाले ड्रायव्हर त्याला खेळणं म्हणायचे.

अण्णा मूळचे शिंदखेड्याकडचे. तरुणपणी गावात ट्रॅक्टरनं कापसाची ट्रॉली ओढली, मग उधन्यात बरीच वर्षं लूम चालवले. लूमनं कान गेले तेव्हा आमच्या मिलमध्ये झाडू मारायला लागले. ट्रॅक्टर आला आणि कोण चालवणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा झाडू भिंतीला टेकवून ते पुढे आले. त्या खुर्चीनं माणूस बदलला. एका रविवारी बायकोला घेऊन आले, तिला लांबून ट्रॅक्टर दाखवला आणि वॉचमनला उगाच दोनदा सांगितलं, "हाई मनी मशीन शे." ही माझी मशीन.

माझ्याशी ते प्रमाण मराठीत बोलायचे, पण मुद्द्याचं काही असलं की अहिराणीत शिरायचे. कंपनीच्या जाड पुस्तकातून मी त्यांना नियम वाचून दाखवले होते. उतार सरळ चढावा-उतरावा, आडवा कापू नये. डोक्यामागची लोखंडी कमान उभी ठेवावी आणि कमरेचा पट्टा बांधावा. उतरण्याआधी माथ्यावरच चारही चाकांना इंजिनचा जोर जोडून डाव्या हाताचा गतीचा लिव्हर हळूवर टाकावा आणि मध्ये त्याला हात लावू नये. अण्णांनी माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे उतारवर आपन शहाणपन करानं नही."

एकदा कोणी साहेबलोक पाहणीला येणार होते आणि माळ्यानं नेमकं आदल्या तासाला बांधावर पाणी मारून ठेवलं. मॅनेजर जयेशभाई घड्याळ दाखवत उभे. अण्णा गवतावर हात फिरवून आले आणि सरळ खाली बसले. जयेशभाई म्हणाले, "अरे काका, हवे चालू करो ने!" अण्णा म्हणाले, "ओलं गवत म्हणजे साबण. वाळू द्या, शेठ." पाहुणे आले, अर्धं गवत तसंच होतं, आणि त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानंतर मी अण्णांशी वाद घालणं सोडून दिलं.

आणि या माणसाच्या हातूनच ते घडलं.

सकाळी अकराची वेळ. गवताची शेवटची पट्टी कापायची राहिली होती. बांधाच्या पायथ्याशी रस्त्यावर दोन बाया कापलेलं गवत गोळा करत होत्या, त्या पाणी प्यायला नळावर गेल्या. अण्णा माथ्यावरून उतरायला लागले, आणि अर्ध्यात त्यांचा डावा हात लिव्हरकडे गेला. गावाकडे ट्रॉली घेऊन उतार लागला की सगळे तेच करतात. न्यूट्रल करायचं, डिझेल वाचवायचं. पण या मशीनला उतारावर इंजिनच धरून ठेवतं. लिव्हर न्यूट्रलमध्ये गेला की ती पकड सुटते. ट्रॅक्टर धावत सुटला. ब्रेक दाबले तर मागची चाकं गवतावरून घसरली. अण्णांनी एवढंच केलं, की स्टिअरिंग वळवलं नाही. ट्रॅक्टर सरळ रस्ता ओलांडून गवताच्या ढिगात घुसला आणि कुंपणाचा खांब मोडून थांबला. कमरेचा पट्टा बांधलेला होता म्हणून अण्णांना खरचटलंही नाही. बाया नळावर होत्या. घडताना कोणी पाहिलं नव्हतं.

ते माझ्या केबिनमध्ये आले तेव्हा अंगावर गवत होतं. "ताई, लिखी ल्या," म्हणाले आणि सगळं सांगितलं.

जयेशभाईंना अण्णा मनापासून आवडत. ते मागोमाग आत आले, दार लावून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "बेन, ब्रेक फेल लखी नाखो ने, वात पूरी." ब्रेक फेल झाले असं लिहून टाकायचं, विषय संपला. ड्रायव्हरची चूक लिहिली असती तर हेड ऑफिसच्या नियमानं ड्रायव्हर मशीनवरून उतरतो. परत बसत नाही. मी पेन उचललं होतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की एका म्हाताऱ्या माणसाची खुर्ची वाचवतेय. ते अर्धंच खरं होतं. त्यांच्या ट्रेनिंगच्या कागदावर सही माझी होती आणि ब्रेक फेल ठरले असते तर माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. याची मला अजून लाज वाटते.

अण्णा ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. टेबलावर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले.

"ब्रेक फेल लिखशात तर मिस्तरी येई, ब्रेक बदली जाई. मना हात कोन बदली? उद्या मना जागावर दुसरा बसी, त्याना हात बी तठेच जाई. त्या बाया आज पानी पेवाले गयत्यात म्हनीसन वाचन्यात, ताई. रोज काय त्यासले तहान लागी?"

जयेशभाईंना अहिराणी कितपत कळली कोण जाणे, पण त्यांनी लावलेलं दार पुन्हा उघडलं. मी लिहिलं. ब्रेक शाबूत होते. चालकानं उतारावर लिव्हर न्यूट्रल केला. अण्णांनी खाली सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

आठवड्याभरात ट्रॅक्टर त्यांच्या हातून गेला. अण्णांना गेटवर बसवलं. त्यांच्या जागी शहाद्याकडचा दिलीप आला. तिशीचा, उसाच्या ट्रॉल्या ओढलेला, बोलायला तिखट. अण्णांनी मागून घेतलं म्हणून त्याचं ट्रेनिंग त्यांच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला मशीनवर बसूच दिलं नाही. मोडलेल्या खांबापाशी नेलं आणि म्हणाले, "हाऊ खांब मी मोडा. कसा मोडा ते पहिले ऐक." नवख्या पोराला आपली फजिती सांगायला माणूस सहसा राजी नसतो. अण्णांनी ती रोज सांगितली, आठ दिवस. दिलीप कंटाळून माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "ताई, काका एकच टेप वाजवतात."

पावसाळा संपून गवत पुन्हा गुडघ्यापर्यंत आलं तेव्हाची गोष्ट. दिलीप दुपारी केबिनच्या दारात उभा. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही.

"मग?"

"आज उतरताना हात लिव्हरवर गेला होता. धरला पण होता. मग काढून घेतला." तो थोडा घुटमळला. "कुणी बघितलं नाही. पण लिहून घ्या."

मी लिहून घेतलं आणि तशीच गेटवर गेले. अण्णा टँकरचा नंबर वहीत उतरवत होते. त्यांना ऐकू यावं म्हणून मला ते मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं.

"सोता उन्हा का सांगाले?" त्यांनी विचारलं.

"स्वतः आला."

अण्णांनी वही मिटली. ट्रॅक्टर हातून गेला त्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं. आता मात्र ते खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावून स्टुलावर बसून राहिले. टँकरवाला हॉर्न वाजवत होता, तो त्यांना ऐकू येत नव्हता. गेट मीच उघडलं.