पोरगी घाबरली नव्हती

मी एसटीत ड्रायव्हर नव्हतो, कंडक्टर होतो. गावाला हे माहीत नव्हतं. नोकरी सगळी यवतमाळकडच्या डेपोत गेली आणि सुट्टीत गावी यायचो तो खाकी कपड्यांत. खाकी दोघांचीही सारखीच. निवृत्त होऊन परतलो तेव्हा चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "भाऊ, घाटात एवढी मोठी गाडी कशी वळवत होते?" मी म्हणालो, "सवयीनं वळते." यात खोटं काही नव्हतं. फक्त सवय दुसऱ्याची होती. त्या दिवसापासून मी ड्रायव्हरभाऊ झालो, आणि मला ते आवडलं. तिकिटं फाडणाऱ्याला घाटाबद्दल कोण विचारतं?

तेवढ्यावर थांबलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं. पण चंद्रपूरला गरीब घरच्या मुलामुलींसाठी मोठी गाडी चालवण्याचं फुकट प्रशिक्षण निघालं आणि विहाराशेजारच्या एका मुलीनं नाव दिलं. बारावी झालेली, वडील नाहीत, आई धानाच्या रोवणीला जाते. प्रवेशासाठी चाचणी होती: जीप पुढे न्यायची, मागे घ्यायची आणि दोन ड्रमांच्या मध्ये उभी करायची. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सगळं ठरलं. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर दिला, बचत गटाच्या बायांनी डिझेल दिलं, आणि शिकवायला कोण?

"एवढा मोठा ड्रायव्हर गावात असल्यावर बाहेर कायले पाहाचं?" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

मी उठून उभा राहिलो, ते खरं सांगण्यासाठीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसलो.

क्लच-ब्रेक ट्रॅक्टरवाल्यानंच दाखवला. ती पुढे चालवायला लगेच शिकली. मी बाजूला उभा राहून गंभीर चेहरा ठेवायचो.

"भाऊ, क्लच अर्धा सोडाचा का पुरा?"

"रस्ता पाहून."

"रस्ता हाच आहे न भाऊ."

"मग हाच पाहून."

एकदा लोक चालवून दाखवा म्हणाले, तेव्हा मी दुखते म्हणून पाठ धरली. दुसऱ्या दिवशी तिची आई मोहाच्या बियांचं तेल घेऊन आली. ते मी मुकाट्यानं चोळून घेतलं.

मला एकच गोष्ट खरोखर येत होती. बस मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. बारीक शिट्ट्या वाजत असल्या की येत राहायचं, लांब वाजली की थांबायचं. तेच मी शिकवलं, आणि पोरगी त्यात इतकी तयार झाली की गाव बघायला लोटलं. दोन खाटांच्या मध्ये, मग दोन कोंबड्यांच्या डाल्यांच्या मध्ये तिनं ट्रॅक्टर मागे घातला. कोंबडीनं मानही वर केली नाही. मुलीनंही मागे वळून पाहिलं नाही. ती समोर बघायची आणि कान माझ्याकडे ठेवायची. लोक म्हणाले, शिकवावं तर असं.

चाचणीच्या दिवशी आम्ही बरेच जण गेलो. आम्हाला तारेच्या कुंपणाबाहेर उभं केलं. तिनं जीप झकास पुढे नेली, वळवली, रिव्हर्स गिअर टाकला आणि बसून राहिली.

"काऊन थांबली?" परीक्षकानं विचारलं.

"सर, शिट्टी नाई वाजली."

"कोनाची शिट्टी? रेल्वे आहे का हे?"

तिनं कुंपणाकडे बोट केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिट्टी माझ्या खिशात होती. मी पुढे होऊन म्हणू शकत होतो, साहेब, हिला आरसे कुणी दाखवलेच नाहीत, चूक माझी आहे, एक संधी द्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की ड्रायव्हर असून आरसा कसा नाही शिकवला? मी तिच्या आईकडे वळून म्हणालो, "पोरगी घाबरली."

हे दोन शब्द गावात आमच्या आधी पोचले.

त्या खेपेला तिचा नंबर लागला नाही. मग गावानं तिची भीती घालवायचं मनावर घेतलं. तरुण मंडळाची पोरं मागून येऊन कानाशी भोंगा वाजवायची. एका म्हाताऱ्यानं तिला रोज बैलाच्या डोळ्यांत बघायला लावलं, शेवटी बैलच बिथरला. ती दचकत नाही म्हणून लोक आणखी काळजीत पडले. "भीती लय आत गेली असन," ट्रॅक्टरवाला म्हणाला. मी मान डोलावली.

मधल्या काळात ट्रॅक्टरला आरसे लावून ती आपली आपण शिकली. पुढच्या खेपेला निवडली गेली, प्रशिक्षण पुरं केलं, लायसन्स आलं, आणि चंद्रपूरला ट्रकवर नोकरीचं बोलावणंही आलं. तेव्हा आई अडून बसली.

"नाई पाठवत. थे घाबरते. ऐन रस्त्यात बसून राह्यली त?"

मुलगी माझ्या घरी आली. "भाऊ, आई तुमचं ऐकते. तिले सांगा न, आता मी नाई घाबरत." मग जरा थांबून म्हणाली, "तवा कशी घाबरली, मलेच नाई समजत. हात त माझे थरथरले नव्हते."

तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. मी त्याच रविवारी विहारात उभा राहिलो. यावेळी टाळ्या वाजायच्या आत बोलून टाकलं: मी कंडक्टर होतो, मागं पाहायला मी शिकवलंच नाही, पोरगी शिट्टीसाठी थांबली होती, आणि घाबरलो होतो तो मी.

आधी ट्रॅक्टरवाला हसला, आणि मग कुणाला हसू आवरेना. मुलगी मात्र हसली नाही.

"आन् त्या भोंग्याच्या टायमाले काऊन नाई बोलले?"

तिची आई उठली, माझ्याकडे न पाहता लेकीजवळ गेली आणि म्हणाली, "बॅग भर."

पहिल्याच महिन्यात मुलीचा ट्रक आमच्या फाट्यावरून गेला तेव्हा तिनं आईला पुढच्या फाट्यापर्यंत सोबत नेलं. ते नियमात बसत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांनी कुठं बोलू नये. परत आल्यावर बाया विचारायला जमल्या, पोरगी चालवते कशी?

"मले काय माहीत," आई म्हणाली. "मी डोळे गच्च मिटून बसली होती. थे त गाणं म्हनून राह्यली होती."