मोठ्या बाईंचं थांबणं

मोठ्या बाई आयसीयूच्या दाराशी आल्या की थांबायच्या. आत कितीही घाई असो, कोणी हाका मारत असो, डाव्या हाताचा तळवा दारावर टेकवून त्या डोळे मिटायच्या, एक लांब श्वास सोडायच्या आणि मगच दार ढकलायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं, बाई देवाचं नाव घेतात. मला पहिल्या दिवशी वाटलं, बाईंना चक्कर आली. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "सोड गं. पडत न्हाई मी. येऊन राहिले."

मी देवणीकडची. लातूरला नर्सिंगचा कोर्स करून नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात लागले, तेव्हा मोठ्या बाई तिथं इन्चार्ज सिस्टर होत्या. नाव मोठ्या बाई असलं तरी अंगानं लहानखुऱ्या. माझ्या खांद्याला लागायच्या. आवाजही मोठा नव्हता. पण ड्युटीवर त्या आल्या की वॉर्डातली धावपळ थोडी खाली बसायची, धूळ बसावी तशी.

आयसीयूच्या मागच्या बाजूला एक लोखंडी जिना होता. खाली जनरेटर, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. बघण्यासारखं काही नाही. तिथं बाई आम्हाला पाळीपाळीनं पाठवायच्या. हातात चहा द्यायच्या आणि फोन काढून घ्यायच्या. आमच्या वाटणीचे पेशंट तेवढा वेळ स्वतः बघायच्या. मला तिथं बसायचा फार कंटाळा यायचा. चहा घटाघट पिऊन मी परत आत यायचे, तर बाई तशाच माघारी पाठवायच्या.

"झाला की चहा," मी म्हणायचे.

"चहा झाला, बसणं कुठं झालं? जा. पायरी थंड हाय का गरम, तेवढं बघून ये मला सांगाय."

मी चिडून जायचे आणि पायरीवर बसून राहायचे. पायरी गरम असायची. जनरेटरचा आवाज यायचा. थोड्या वेळानं लक्षात यायचं की माझे खांदे सकाळपासून कानांपर्यंत चढलेले आहेत.

हे बाई कुठून शिकल्या, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. विहारात येणाऱ्या एका भन्तेंकडून ते श्वासाकडे लक्ष द्यायला शिकले होते. ट्रकमधलं पोतं थप्पीला टाकलं की भिंतीला टेकून ते जरा डोळे मिटायचे. "मालक म्हणायचा, झोपला का रे? बाबा म्हणायचे, झोपलो न्हाई मालक, पाठ कुठं हाय ते बघून राहिलो." हे सांगताना बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मला लहानपणी त्याची लाज वाटायची. मैत्रिणीच्या देखत तोंड फिरवून जायची मी."

लाज जायला एक चूक व्हावी लागली. बाई नोकरीत नव्या असताना, सलग ड्युटी करून थकलेल्या, त्यांनी एका पेशंटसाठी भरलेलं इंजेक्शन शेजारच्या पेशंटला दिलं. माणूस वाचला. कोणाला फारसं कळलंही नाही. पण बाई त्या दिवशी घरी जाऊन वडिलांजवळ बसल्या आणि म्हणाल्या, मला शिकवा. आम्हाला हे सांगताना त्या एवढंच म्हणाल्या, "हात माझेच व्हते. मी तिथं नव्हते."

आयसीयूत माणसं जातात. कितीही केलं तरी जातात. त्यानंतरची कामं ठरलेली असतात: नळ्या काढा, मॉनिटर बंद करा, चादर बदला, खाली कॅज्युअल्टीत पुढचा पेशंट थांबलेला असतो. बाईंनी या कामांच्या आधी एक काम घातलं होतं. मॉनिटर बंद केला की त्या पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या. आम्हीही राहायचो. झाडणाऱ्या मावशी असल्या तर त्याही झाडू टेकवून उभ्या राहायच्या. मिनिटभर असेल. कोणी काही म्हणायचं नाही, प्रार्थनाही नाही. मग बाई म्हणायच्या, "चला," आणि आम्ही कामाला लागायचो.

एकदा नवीन आलेले एक डॉक्टर मध्येच आत आले. "सिस्टर, काय चाललंय? खाली बेडसाठी फोनवर फोन येतायत."

बाई हलल्या नाहीत. "आत्ता इथं माणूस होता, साहेब. चादर काढायच्या आधी तेवढं तर समजू द्या पोरींना."

"पेशंट वेटिंगला आहे म्हणतो मी."

"हाव. त्याच्यासाठीच थांबले. ह्याचं रडू घेऊन त्याच्याकडं कशाला जायचं?"

डॉक्टर दाराशी जाऊन उभे राहिले. वरपर्यंत तक्रार करतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी केली नाही. पुढं कधीतरी ते स्वतःच त्या कठड्याशी उभे दिसले.

वरच्यांनी मात्र हे उलट्या बाजूनं मनावर घेतलं. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक कार्यशाळा ठेवली. पुण्याहून कोणी पाहुणे आले, पडद्यावर समुद्राची चित्रं लागली. वेळ अशी, की सकाळची ड्युटी संपवून मुलींनी उपाशीपोटी तिथं बसायचं आणि दुपारच्या मुलींनी लवकर यायचं. पाहुण्यांनी विचारलं, काही शंका? बाई उभ्या राहिल्या. "साहेब, हे ड्युटीत धरणार, का आमच्या झोपेतून जाणार?" सगळा हॉल हसला. पाहुण्यांनी पडद्यावर पुढचं चित्र लावलं. नंतर लिफ्टमध्ये 'श्वास घ्या' असं लिहिलेलं एक पोस्टर लागलं. ती लिफ्ट वापरायला आम्हाला परवानगी नव्हती.

मग कोरोना आला.

पहिल्या लाटेत बाईंनी कसंबसं निभावून नेलं. दुसऱ्या लाटेत सगळंच वाहून गेलं. आयसीयू भरला, मग बाहेरचा पॅसेज भरला. एकदा किट घातला की पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही. हातमोज्यांत घाम साचायचा. कठड्याशी उभं राहायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता; एकाची चादर काढेपर्यंत दुसऱ्याचा मॉनिटर ओरडायला लागायचा. जिन्यावर ऑक्सिजनची सिलिंडरं रचून ठेवली होती. आणि बाई ज्या दाराशी थांबायच्या, ते दार त्या दिवसांत बंदच व्हायचं नाही. सारखी ये-जा म्हणून कोणीतरी खालून लाकडाचा ठोकळा लावून ते उघडं ठेवलं होतं. बाई त्यातून सरळ आत जायच्या. मी ते बघितलं. पण बघून मनात काही यायलाही तेव्हा जागा नव्हती.

लाट ओसरली. बेड रिकामे झाले, जिना मोकळा झाला. मला वाटलं, आता बाई परत पायरीवर पाठवतील. त्यांनी पाठवलं नाही. त्या सतत काहीतरी करत राहायच्या. पुसलेला ट्रे परत पुसायच्या. मोजलेली औषधं परत मोजायच्या. मीच एकदा चहा घेऊन म्हणाले, "बाई, चला ना जिन्यावर."

"तू जा गं," त्या म्हणाल्या. "माझं काम पडलंय."

काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला अजून अवकाश होता. निरोपाला पेढे, शाल, फोटो असं सगळं झालं. बोलायचा आग्रह झाला, तेव्हा माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "वेळेवर जेवत जा." एवढंच.

त्या कंधारला राहायला गेल्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं घर तिथलंच. मला इन्चार्ज केलं गेलं. फोन व्हायचे, पण बाई दोन वाक्यांत आटोपायच्या. मागून कुकरची शिट्टी, भांड्यांचे आवाज. शेवटी एका रविवारी मी एसटीनं कंधारला गेले.

बाई अंगणात तूर निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आणि परत सूप पुढ्यात ओढलं. बोलता बोलता तूर संपली, तर शेंगदाणे आणले. शेंगदाणे संपले, तर धुतलेले पडदे इस्त्रीला काढले. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "असंच हाय दिवसभर. बस म्हणलं तर बसत न्हाई."

जेवणानंतर मी हट्टानं त्यांना बाहेर काढलं. गावाबाहेर किल्ल्याच्या बाजूला जाऊन आम्ही एका दगडावर बसलो. बाईंचे हात पदराचं टोक गुंडाळत होते, सोडत होते. मी विचारलं, "बाई, तुम्ही आता डोळे मिटून बसत नाही का?"

त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"डोळे मिटले की बेड दिसत्यात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जळकोटच्या एका पेशंटचं सांगितलं. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मास्क लावलेला, बोलताना धाप लागायची. दुपारी त्यांनी बाईंचं बोट धरलं आणि म्हणाल्या, सिस्टर, जरा बसा ना माझ्याजवळ. भीती वाटते.

"मी म्हणलं, आले हं. आणि बोट सोडवून पलीकडं गेले. पलीकडच्याचं ऑक्सिजन उतरून राहिलं होतं. त्याच्यानंतर अजून एक. परत आले तर…" बाईंनी पदर सोडला. "मोजे घातलेलं बोट, शैला. तिला माझी कातडी बी लागली न्हाई."

"तुम्ही दुसऱ्याला वाचवत होतात, बाई."

"तो बी गेला."

बाई रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ सरकून बसले. ऊन उतरलं, शेरडं परत गावाकडं निघाली, तरी आम्ही तिथंच होतो. उठताना त्या म्हणाल्या, "बरं झालं आलीस." स्टँडवर सोडायला आल्या, तर खिडकीतून एक डबा आत दिला आणि गाडी सुटायच्या आधीच वळून चालू लागल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी काकांचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. माझी ड्युटी होती. बदली सिस्टर मिळेपर्यंत दुपार झाली आणि मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मागाहून झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मात्र मी आदल्या दिवशीच गेले. विहारातून भन्ते आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. काका एका कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. बाई शेवटी शेवटी कशा होत्या, असं विचारलं.

"तू येऊन गेलीस, त्याच्यानंतर परत बसाय लागली व्हती," काका म्हणाले. "पहाटं. पण एकटीनं बसाय भ्यायची. मला म्हणायची, तुम्ही बाजूला बसा, काही करू नका. मला काय येतं त्यातलं? मी पेपर घेऊन बसायचो. पान उलटताना आवाज व्हायचा, तर म्हणायची, होऊ द्या, तेवढंच कळतं तुम्ही हाय म्हणून." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "कधी कधी मधीच उठून जायची, घामानं भिजलेली. दुसऱ्या दिवशी परत बसायची."

मला हे माहीत नव्हतं. फोनवर त्या कधी बोलल्या नाहीत.

बाहेर मांडव सोडणारी माणसं बांबू खाली टाकत होती. काका माझ्याकडे वळले. "मी अजून बसतो पहाटं. सवय झाली. पण एक विचारू का? तुम्ही सिस्टर लोक डोळे मिटून नेमकं काय करायच्या?"

मी आठवून बघितलं. त्या जिन्यावर, त्या पलंगाशी.

"काही नाही, काका," मी म्हणाले. "नुसतं बसायचो."

काकांनी मान डोलावली. "मग ते जमल मला," असं म्हणून ते तिथंच, उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्या माणसांच्या गडबडीत, भिंतीला टेकून डोळे मिटून बसले.