तानुबाई गोड बोलल्या, तो दिवस

तानुबाईंच्या तोंडून आपलं कौतुक ऐकलंय, असा माणूस थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. त्यांचे मालक जयसिंग आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झाले आणि हार-शाल घेऊन घरी आले, तेव्हा बाईंनी शाल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बरी हाय. जरा आखूड हाय." मुलगा धम्मरत्न डिप्लोमाला पहिल्या वर्गात आला, तर म्हणाल्या, "पेपर सोपं असतील." दृष्ट लागते म्हणून नव्हे हं. त्यांच्या घरात ते असलं काही मानत नाहीत. माणसाला चढवून ठेवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

तशी बाई प्रेमळ. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा यांच्याकडून जायचा. फक्त डब्याबरोबर चार शब्दही जायचे, "सांगत हुते भिजू नको म्हनून. आता घे, मर." आजारी माणूस मुकाट्यानं जेवायचा आणि बरा व्हायचा. अशांचं वाईट कुणाला वाटत नाही.

जयसिंग गेले, थोरली अंजली लग्न होऊन नाशिकला गेली, आणि घर गप्प झालं. धम्मरत्न कंपनीच्या बसनं सकाळी चाकणला जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. तानुबाईंना दिवसभर बोलायला म्हणाल तर एक टीव्ही होता, आणि तो उलट उत्तर देत नाही. बिनउत्तराच्या माणसाशी भांडण्यात काय मजा? बाईंची तब्येतच उतरायला लागली.

अशात कंपनीनं धम्मरत्नला व्हिएतनामच्या नव्या प्लँटवर मशिन बसवायला पाठवलं. मशिन बसवून पठ्ठ्या परत आला तो लग्न ठरवूनच. पोरीचं नाव लान. तिथल्याच स्टोअरमध्ये कामाला होती. तानुबाईंनी मोबाइलवर फोटो पाहिला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "लई बारीक हाय. खाती का न्हाई?" झालं, पसंती झाली. धम्मरत्ननं हळूच सांगितलं, "आई, ते लोकही बौद्धच आहेत." लान घरी आली, आल्याआल्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे वाकली, तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. तानुबाई शेजारच्या इंदुताईंना म्हणाल्या, "पोरगी परकी हाय, पन बुद्ध वळखीचा निघाला."

लान मराठी शिकली ती थेट सासूकडून. क्लास नाही, पुस्तक नाही. त्यामुळे झालं काय, की पोरगी दिसायला हनोईची आणि बोलायला थेट तानुबाई. डांगे चौकात भाजीवाल्याला तिनं पहिल्यांदा "ह्यो काय भाव लावलाय? लुटतोस व्हय रं?" असं विचारलं, तेव्हा त्या बिचाऱ्यानं अर्धा किलो वांगी फुकट दिली म्हणतात. आणि सासूसारखं बोलायला आलं म्हटल्यावर सासूशी भांडायला वेगळं काय शिकायचं? भात चिकट का झाला, चप्पल आत का आली, पंखा कुणी चालू ठेवला, विषयांना तोटा नव्हता. तानुबाईंचा चेहरा पुन्हा भरला. ब्लडप्रेशरची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली.

सगळ्यात मोठं भांडण एका बाटलीवरून. लानची आई तिकडे घरी रांजणात मासे मुरवते आणि त्यांचं तपकिरी पाणी बाटलीत भरून ठेवते. त्याशिवाय लानला घास उतरत नाही. कंपनीतलं कुणी तिकडून येणार असलं की आई बाटली पाठवायची. झाकण उघडलं की वास इंदुताईंच्या देवघरापर्यंत. तानुबाई स्वतः बोंबील भाजणाऱ्या, पण या वासापुढे त्यांनीही हात टेकले होते. तरी एकदा लान अंघोळीला गेलेली पाहून त्यांनी सुकटाच्या चटणीत दोन थेंब टाकून पाहिले, चटणी चाटूनपुसून संपवली, आणि हे कुणालाही सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. लान इथं होती ती व्हिसावर, मुदत संपत आली की वाढवून घ्यायची. मध्ये देशाबाहेर गेलं तर परत येता येईल याची खात्री नाही, म्हणून ती माहेरीही गेली नव्हती. धम्मरत्ननं आईला समजावलं होतं, की नवरा भारतीय असला, लग्न नोंदलेलं असलं आणि दोन वर्षं सलग नीट टिकलेलं असलं, की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं की आयुष्यभर राहा, जा, या, कुणी विचारत नाही. दोन वर्षं झाली तसा त्यानं अर्ज भरला. आता घरी चौकशीला पोलीस येणार होते. लग्न खरं आहे की नुसतं कागदावरचं, हे बघायला.

"आनि खोटं वाटलं तर?"

"तर कार्ड नाही. पुन्हा व्हिसाची कटकट. आणि एखाद्या वर्षी तोही नाही वाढला, तर जावं लागेल तिला."

त्या दिवशी तानुबाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं. लाननं तोंडावर सांगितलं, "आई, खारट हाय," तरी त्या भांडल्या नाहीत. धम्मरत्नला काळजी वाटली ती तेव्हा.

"आई, तुझा स्वभाव मला माहीत आहे," तो म्हणाला. "साहेब आले की फक्त चांगलं बोलायचं. एक शब्द वाकडा नको."

"मी काय येडी हाय का?" म्हणत बाई लगेच इंदुताईंकडे गेल्या आणि त्यांनाही दम भरून आल्या, "आमच्या घरातून आवाज येतो म्हनलीस, तर माझ्याशी गाठ हाय."

हवालदार अर्जुनराव आले ते नेमके सकाळी, धम्मरत्न पहिल्या शिफ्टला गेलेला असताना. त्यांचा फोन येऊन गेला होता. तानुबाई इस्त्रीची साडी नेसून तयार. घरात उदबत्तीचा नुसता धूर. आणि ती बाटली? पोलिसाच्या नाकात वास गेला तर काय म्हणतील, म्हणून बाईंनी पहाटेच ती कुठंतरी गडप केली होती. लानला पत्ताच नव्हता.

अर्जुनराव पन्नाशीचे, पोट सुटलेले, घरी दोन सुना असलेले गृहस्थ. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली. "काय मावशी, सून कशी आहे?"

"सोन्यासारखी हाय, सायेब," तानुबाई म्हणाल्या. हे शब्द त्या आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारत होत्या, त्यामुळे जरा अडखळल्या.

"स्वयंपाक?"

"लई ग्वाड करती."

"कामाला?"

"मला उठूच देत न्हाई."

"भांडणतंटा?"

"छ्या! आजपातूर एक सबुद न्हाई."

अर्जुनरावांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात इंदुताई उभ्याच होत्या, विचारायची वाट बघत. "अगदी देवमाणसं हो," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "या घरातून मी कधी मोठा आवाजच ऐकला नाही." आणि तानुबाईंकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे झालं ना माझं काम?

"असं," अर्जुनराव म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं. "मावशी, माझी नोकरी झाली बरीच वर्षं. लोकांची घरं बघितलीत. दोन वर्षांत सासू-सुनेचं एकदाही वाजलं नाही, असं घर मला अजून भेटायचंय. ही इथं राहते तरी का? का मी येणार म्हणून आज बोलावून घेतली?"

गोड बोलायचं म्हणून घसा कोरडा केला, आणि तेच अंगाशी आलं! आता आणखी गोड बोलावं, की गप्प बसावं, तानुबाईंना काही सुधरेना. "न्हाई हो सायेब, पोरगी लई गुनाची…" त्यांनी पुन्हा सुरू केलं, तोच स्वयंपाकघरातून डब्यांची आदळआपट ऐकू आली, आणि लान बाहेर आली.

"आई, माझी बाटली कुठं हाय?"

"कुठली बाटली गं बाळ?" तानुबाईंनी डोळे मोठे केले. खुणावलं. पण 'बाळ' हा शब्द लाननं या घरात कधी ऐकलाच नव्हता. तिला वाटलं, सासूनं नक्कीच काहीतरी घाण केलंय.

"बाळ काय म्हन्ता? माझ्या आईची बाटली. घंटागाडीत टाकली ना तुमी?"

"हळू बोल. सायेब बसल्यात."

"बसू द्या! माझ्या आईनं भरलेली हाय ती. दोन वर्सं झाली, आई बघितली न्हाई मी. अर्ज हापिसात हाय, देशाबाहेर जायचं न्हाई, म्हन्तात हे. माझ्याकडं आईची तेवढीच बाटली हाय. ती बी खुपती तुमाला?"

हे ऐकून बाईंना कळवळा यायला हवा होता. आलाही असता. पण सकाळपासून गोड बोलण्याखाली दाबून धरलेलं सगळं त्यांच्या घशाशी आलं होतं. "टाकली न्हाई गं भवाने! तुझ्यापायी मी त्या मानसापुढं साखर कालवतीया, आनि तू बाटली घेऊन बसलीस? येवढा आईचा पुळका हाय, तर जा तुझ्या आईकडं!"

इंदुताईंनी तोंडाला पदर लावला. खरं तर हे वाक्य थेरगावातल्या घराघरांत म्हटलं जातं, आणि तासाभरात दोघी एका ताटात जेवतात. पण इथं आई कासारवाडीला नव्हती, की जा म्हटलं आणि संध्याकाळी परत आली. आणि समोर पोलीस बसला होता. तानुबाईंच्या लक्षात आलं. आपल्याच तोंडानं आपण पोरीला हाकललं.

लान मात्र जागची हलली नाही. पदर नव्हताच, ओढणी खोचली तिनं कमरेला. "न्हाई जात! का जाऊ? माझं घर हाय. तुमाला जायचं तर तुमी जा, अंजलीताईकडं. आनि जायच्या आधी बाटली द्या."

तानुबाई उठल्या. लोखंडी कपाट उघडलं, आतल्या कप्प्याची किल्ली फिरवली, जिथं त्यांची बोरमाळ असते तिथून एक गाठोडं काढलं. मुलाच्या लग्नात नेसलेली निळी पैठणी. तिच्यात गुंडाळलेली बाटली. झाकण जरा सैल राहिलं होतं, आणि पैठणीच्या पदराला हाताएवढा तपकिरी डाग पडला होता. वास असा सुटला की अर्जुनरावांनी टोपी नाकाला लावली.

"फुटंल म्हनून लुगड्यात ठिवली," तानुबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "माझी पैठनी गेली, आनि मलाच बोलती."

लाननं बाटली घेतली नाही, आधी पैठणी घेतली. "असं ठेवतात व्हय? आडवी ठेवली बाटली? अक्कल हाय का?" आणि ती पदर नळाखाली धरायला धावली.

अर्जुनराव हसायला लागले. पोट गदागदा हलेपर्यंत हसले. "मावशी, मघापासून मला वाटत होतं, यांनी भाड्यानं सासू आणलीय की काय! आता बसलो मी निवांत." त्यांनी पेन पुन्हा काढलं, चहा मागितला, आणि चहा करून आणला तो लानने, ओल्या हातांनी.

ते गेल्यावर तानुबाई तशाच खाली बसल्या. डोळ्याला पदर लावला. "माझ्या जिभेला हाड न्हाई. मी जा म्हनले तुला. ते बी पोलिसापुढं."

"म्हनलं तर म्हनलं," लान शेजारी बसत म्हणाली. "मी गेले का?"

पुढे यथावकाश कार्ड आलं. तानुबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "कवापातूर चालतं?" धम्मरत्न म्हणाला, "आयुष्यभर." बाई म्हणाल्या, "बरं हाय. फोटु जरा काळा आलाय." आणि घर पूर्वपदावर आलं, म्हणजे दुसऱ्याच दिवशी भातावरून जुंपली. भात चिकट, लानचं म्हणणं असाच असतो, तानुबाईंचं म्हणणं ह्याला खळ म्हणतात. आवाज चढत चढत नेहमीच्या जागी आला.

"येवढा तुझ्या आईचा भात चांगला, तर जा तुझ्या आई…"

बाई थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. लान कमरेवर हात ठेवून उभी होती, वाट बघत.

"बोला की पुढं. कुठं जाऊ?"

मग तानुबाई नेहमीच्याच चढ्या आवाजात म्हणाल्या, "जा की तुझ्या आईकडं! महिनाभर ऱ्हा, पोटभर बोल. आता कोन अडवतंय तुला? आनि येताना दोन बाटल्या आन. एक माझ्या चटनीला."